रस्त्यांची कुळकथा (भाग ८) : घोडबंदरला कुणीच उतरत नाही

ठाणे स्टेशनवरून बोरिवलीच्या बसमध्ये बसलो. कंडक्टर आला तसं म्हटलं, "एक घोडबंदर."

"रोडवर कुठं?"

"रोडवर नाही हो. घोडबंदर. गाव."

त्यानं तिकिटाच्या मशिनवरून मान वर केली, मला एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "मग फाउंटनला उतरा. पुढं रिक्षा बघा. मिळाली तर." शेजारच्या बाई हसल्या. म्हणाल्या, "वीस वर्षं झाली मला घोडबंदर रोडला राहून. असं गाव आहे होय?"

मीही या रस्त्यालगत २००३ पासून राहतो आणि ते गाव बघायला मला चांगली पंधरा वर्षं लागली. त्यामुळे हसायचा अधिकार मला नाही.

गेल्या भागात आपण आग्रा रोडनं ठाण्यापर्यंत आलो आणि माजिवड्याला थांबलो. तिथून नाशिकची गाडी सरळ निघून जाते, आणि डावीकडे कापूरबावडीकडून जो फाटा वर चढतो तो आजचा आपला रस्ता. पंधरा-सतरा किलोमीटरचा. लेखमालेतल्या बाकीच्या रस्त्यांपुढे अगदीच आखूड; पण मनस्ताप लांबीवर मोजायचा नसतो.

आधी नावाचं पाहू. जुन्या रस्त्यांची नावं ती कुठं नेतात त्यावरून पडायची. आग्र्याला जाणारा तो आग्रा रोड, पुण्याला जाणारा पूना रोड. घोडबंदर रोड म्हणजे घोडबंदराला नेणारा. आता एवढासा हा गाव, त्याच्या नावानं रस्ता का पडावा? तर नकाशा उघडून साष्टी बेट बघा. मुंबईच्या उत्तरेचं हे मोठं बेट. दक्षिणेला माहीमची खाडी, पूर्वेला ठाण्याची, उत्तरेला उल्हास नदी समुद्राला मिळते ती वसईची खाडी. घोडबंदर या बेटाच्या उत्तर टोकाला, बरोबर खाडीच्या काठावर आहे. पलीकडं वसईचा मुलूख. म्हणजे बेटावरची जमीन जिथं संपते आणि माणसाला होडी शोधावी लागते, ती ही जागा. रस्ता तिथं जाणार नाही तर कुठं जाईल?

नावातल्या घोड्यांबद्दल असं सांगतात की अरबस्तानातून येणारे घोडे इथं उतरवले जात. आपल्याकडं चांगल्या घोड्याची पैदास कमी, आणि सगळ्याच सत्तांना घोडदळ हवं; त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर घोड्यांचा व्यापार शतकानुशतकं तेजीत होता. खाडीच्या आत, वाऱ्या-लाटांपासून आडोशाला असलेलं बंदर या कामाला सोयीचं. जनावर दिवसेंदिवस डुचमळत्या गलबतात उभं राहून आलेलं असतं. त्याला उतरवायला शांत पाणी लागतं, आणि उतरल्यावर चरायला, पाय मोकळे करायला जमीन लागते. घोडबंदरला दोन्ही होतं.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज वसई-ठाण्यात स्थिरावले आणि घोडबंदरच्या टेकडीवर त्यांनी किल्ला बांधला. खाडीतून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर तिथून नजर राहते. १६७२ साली शिवाजी महाराजांच्या फौजेनं घोडबंदर घ्यायचा प्रयत्न केला, तो पोर्तुगीजांनी परतवला. पुढं १७३७ च्या साष्टी मोहिमेत ठाणं आणि घोडबंदर मराठ्यांकडं आलं, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईचं सगळ्यांना पाठ असतं. साष्टीच्या या छोट्या नाक्यांचं कुणी बोलत नाही. पण साष्टी हातात असल्याशिवाय वसईला वेढा घालून बसणं अवघडच होतं. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडं कायम झाली.

इथून खरी रस्त्याची गोष्ट सुरू होते. मुंबई इंग्रजांची, साष्टीही इंग्रजांची, पण मधे पाणी. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला गव्हर्नर डंकनच्या काळात शीवला बांध घातला गेला आणि पूर्वेची बाजू जोडली गेली. पश्चिमेला मात्र माहीमहून वांद्र्याला जायचं तर होडीच. तो बांध व्हायला १८४५ साल उजाडलं, आणि तोही सरकारच्या पैशानं झाला नाही. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. अट एकच, की या बांधावरून जाणाऱ्याकडून कर घ्यायचा नाही. माहीमचा लेडी जमशेटजी रोड तो यांच्याच नावाचा. ही अट लक्षात ठेवा, गायमुखला पोचलो की तिची आठवण येणार आहे.

तर असे साष्टीला मुंबईकडून दोन हात फुटले. पूर्वेचा शीव-कुर्ला-भांडुप-ठाणे, तो आग्रा रोड. पश्चिमेचा वांद्रे-अंधेरी-बोरिवली-दहिसर करत घोडबंदरला, तो घोडबंदर रोड. होय, मूळचा घोडबंदर रोड हा होता! आज ज्याला आपण एस. व्ही. रोड म्हणतो, तोच. पार्ल्या-अंधेरीची जुनी माणसं परवापरवापर्यंत त्याला घोडबंदर रोडच म्हणायची. पुढं त्याला स्वामी विवेकानंदांचं नाव मिळालं. दहिसरपलीकडचा तुकडा काशीमिऱ्यावरून अहमदाबादच्या महामार्गात गडप झाला. आणि मग घोडबंदर हे नाव ठाण्याहून तिथं जाणाऱ्या तिसऱ्याच रस्त्याकडं राहिलं. हा तिसरा म्हणजे त्या दोन हातांची बोटं उत्तरेला एकमेकांत गुंफणारा. बेटाच्या मधोमध डोंगर आहे, आजचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, १०३ चौरस किलोमीटरचं. त्या डोंगराला उत्तरेकडून वळसा घालायचा तर हीच एक वाट.

ठाणेकर आता नाव आणखी आखूड करून 'जीबी रोड' म्हणतात. बिल्डरांच्या फलकांवरही तेच. दिल्लीहून आलेल्या पाहुण्यासमोर मात्र हा शब्द जपून वापरावा. तिथं जीबी रोड म्हणजे काय, ते त्यांच्याच तोंडून कळेल.

आता थोडं कागदावरचं. 'राज्य महामार्ग' म्हणजे नेमकं काय? महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखली. नागपूर योजना म्हणतात ती हीच. तोवर रस्ते नुसते रस्ते होते. या योजनेनं त्यांना पायऱ्या दिल्या: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि गावरस्ते. राज्य महामार्गानं जिल्ह्याची ठिकाणं जोडायची आणि राष्ट्रीय महामार्गांना एकमेकांशी सांधायचं. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाचा वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय, हिरवा असेल तर राज्याचा. पोरांना गाडीत गप्प बसवायला हा खेळ बरा. घोडबंदर रोड या व्याख्येत इतका चपखल बसतो की पाठ्यपुस्तकात चित्र छापावं. जुना राष्ट्रीय महामार्ग ३, म्हणजे मुंबई-आग्रा, आणि जुना ८, म्हणजे मुंबई-अहमदाबाद, यांना मुंबईच्या बाहेरून सांधणारी ही कडी. सगळ्या दुखण्याचं मूळही याच चपखलपणात आहे, पण त्याकडं नंतर येऊ.

आधी वाटेनं एक फेरी मारू. बसची उजवीकडची खिडकी धरा.

कापूरबावडी सोडली की डावीकडं येऊरचे डोंगर दिसायला लागतात आणि शेवटपर्यंत सोडत नाहीत. उजवीकडं खाडी, पण ती दिसत नाही. मधे बाळकुम, ढोकाळी, कोलशेत. या पट्ट्यात कारखाने आले, कोलशेतला सँडोज, बाळकुमला बायर. त्यांच्या भोंग्यावर घरातली घड्याळं लावलेली एक पिढी ठाण्यात अजून आहे. मग मानपाडा, पातलीपाडा, डोंगरीपाडा. पुढं मोघरपाडा, भाईंदरपाडा, अगदी शेवटी काजूपाडा. बसच्या थांब्यांची ही यादी मोठ्यानं वाचून बघा. पाडा, पाडा, पाडा. तीसतीस मजल्यांच्या इमारतींना इटलीतल्या गावांची नावं दिली, तरी पत्त्यात पाडा राहतोच. आदिवासींचे पाडे डोंगराच्या पायथ्याला, आगरी-कोळ्यांची गावं खाडीच्या अंगाला, मधे भातखाचरं, आणि त्यांतून जाणारी ही सडक. असा साधा मामला होता.

ओवळ्याच्या एका आगरी आजोबांना मी एकदा विचारलं, तुम्ही लहानपणी घोडबंदरला जायचा का? ते म्हणाले, "घोरबंदरला कोन जातंय? आमचा सगला ठान्याला." भाजीची गाडी पहाटे काळोखात जुंपायची, उजाडता उजाडता ठाण्याच्या बाजारात. परतताना बैलांना वाट पाठ, त्यामुळे गाडीवाला झोपला तरी चालायचं. आज त्याच वाटेवर स्टेअरिंगमागे जागं राहून पहिल्या गिअरमध्ये तेवढाच वेळ लागतो, हे त्यांनीच हसत हसत ऐकवलं.

रेल्वे या बाजूला आलीच नाही. १८५३ ला ठाण्याला आली आणि कल्याणकडं गेली. पश्चिमेची गाडी विरारकडं. दोन्ही रुळांच्या बेचक्यात हा पट्टा कोरडा राहिला. मुंबईत जिथं स्टेशन तिथं वस्ती, हा नियम. म्हणून घाटकोपर-मुलुंड भरून गेली तरी ओवळे-कासारवडवली गावंच राहिली. कासारवडवलीचं तळ्याकाठचं जुनं राममंदिर बघितलं की त्या गावपणाची थोडी कल्पना येते. नव्वदीत कारखाने एकेक बंद पडायला लागले, मुंबईत घर परवडेना, आणि सगळ्यांचं लक्ष या मोकळ्या पट्ट्याकडं गेलं. २००३ मध्ये मी वाघबीळजवळ राहायला आलो तेव्हा रात्री कोल्हेकुई ऐकू यायची, आणि ठाणे स्टेशनवर रिक्षावाल्याला वाघबीळ म्हटलं की तो मान दुसरीकडं फिरवायचा. आता कोल्हे गेले. रिक्षावाल्याची मान अजून तशीच फिरते.

या पट्ट्यात माणसं आली पण स्टेशन आलं नाही. त्यामुळे कासारवडवलीच्या माणसाला लोकल पकडायची तर दहाएक किलोमीटर रस्त्यानंच ठाण्याला यावं लागतं. त्यात दुसरा समांतर रस्ता जवळपास नाहीच. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे चिंचोळी जमीन. पाठीला कणा एकच. शाळेची बस, दुधाचा टेम्पो, रुग्णवाहिका, लग्नाची वरात, सगळं एकाच कण्यावरून.

आणि याच कण्यावरून कंटेनर जातात. १९८९ साली उरणजवळ न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं. मुंबई बंदरातला कंटेनरचा धंदा हळूहळू तिकडं सरकला. आता न्हावाशेव्याला उतरलेला, गुजरातला जायचा माल कसा जाणार? मुंबईच्या पोटातून नेता येत नाही. तो कळंबोली-ऐरोलीकडून ठाण्याला येतो आणि घोडबंदर रोडनं डोंगराला वळसा घालून अहमदाबादच्या महामार्गाला लागतो. भिवंडीच्या गोदामांतला मालही बराचसा इकडूनच. त्याला कामण-चिंचोटीचा दुसरा राज्यमार्ग आहे खरा, पण त्या रस्त्याची दशा बिघडली की ट्रकवाले घोडबंदर जवळ करतात. म्हणजे गंमत बघा: रस्त्याला नाव एका बंदराचं, आणि तो अहोरात्र राबतोय ते भलत्याच बंदरासाठी. घोडे उतरायचे तिथून सतरा किलोमीटरवर घर घेतलेल्या माणसानं उरणच्या बोटीचं वेळापत्रक का सोसावं, याचं उत्तर त्या नागपूरच्या व्याख्येत आहे. हा रस्ता कागदावर दोन महामार्गांची कडी आहे. त्याच्या कडेला लाखो लोक राहतात, ही गोष्ट व्याख्येत नव्हती.

अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असते. वेळा बदलत राहतात. बंदी उठायच्या सुमारास कडेला थांबलेल्या ट्रकांची रांग एकदम घरघरते, जमीन हलकेच थरथरते, आणि आमच्या इमारतीत कुणीतरी म्हणतं, "सुटले."

रुंदीकरणाची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सगळीकडं सारखीच असते. २००५ नंतर खाजगीकरणातून रस्ता चौपदरी झाला, ज्यानं बांधला त्यानं टोल घ्यायचा या बोलीवर. गायमुखच्या अलीकडं टोलनाका उभा राहिला. पंधराएक वर्षं लोकांनी सुट्टे पैसे हातात धरून काच खाली केली. अवाबाईंची अट ठेवा लक्षात म्हटलं होतं ते यासाठी. एकाच नावाच्या रस्त्याचं एक तोंड कुणाच्या दानानं मोकळं राहिलं आणि दुसऱ्यावर नाका बसला. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळला उड्डाणपूल झाले. गंमत अशी की पुलावरून लांबचा ट्रक सुसाट जातो, आणि पुलाखाली ज्याला फक्त समोरच्या दुकानातून कोथिंबीर आणायची आहे तो सिग्नलला उभा असतो.

कोथिंबिरीवरून आठवलं. महामार्गाला लागून सेवा रस्ता असतो, तो कशासाठी? वस्तीतल्या छोट्या हालचाली महामार्गावर येऊ नयेत म्हणून. सोसायटीतून निघालेली स्कूटर आधी सेवा रस्त्यावर यावी, आणि चौकातच मुख्य रस्त्याला मिळावी. व्यवस्था शहाणपणाची. पण सेवा रस्त्यावर गाड्या लागल्या, दुकानांच्या पायऱ्या पुढं आल्या, मेट्रोच्या कामाचे पत्रे उभे राहिले. मग अलीकडं ठरलं की सेवा रस्ते मुख्य रस्त्यातच मिळवून टाकायचे, म्हणजे पदर वाढतील. पदर वाढतील हे खरं. पण शाळेच्या बसला हात करणारी आई आता थेट महामार्गाच्या काठावर उभी राहील, हेही खरंच. माझं मत विचाराल तर हे म्हणजे ओटा पाडून माजघर मोठं करण्यासारखं आहे. बसायला जागा झाली, पण आल्यागेल्याला टेकायला काही उरलं नाही.

आता गायमुख. इथं उजवीकडं एकदम खाडी उघडते आणि माणूस खिडकीशी सरसावतो. नागला बंदर, रेतीचे जुने धक्के. वसईच्या खाडीतली रेती इथं उतरायची आणि मुंबईच्या इमारतींत जायची. तेव्हा पाणबुडे तळाशी जाऊन डुबीनं रेती काढत, नंतर सक्शन पंप आले. आता चौपाटी केली आहे, संध्याकाळी भेळवाले असतात. आणि चौपाटीच्या पुढं घाट.

घाट म्हणायला खंडाळ्याचे लोक हसतील. छोटासा चढ, तीन-चार वळणं. पण सगळा घोडबंदर रोड या एवढ्याशा तुकड्याच्या मुठीत आहे. एका जुलैच्या रात्री साडेअकरापासून मी इथं सव्वा तास उभा होतो, तेव्हा ते नीट बघितलं. पुढं एक कंटेनर चढावर बंद पडलेला. क्लीनरनं उडी मारून मागच्या चाकाखाली दगड सरकवला, मग दुसरा. ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत शांतपणे उभा, हे रोजचंच असल्यासारखा. डोंगरावरून आलेलं पाणी गटार सोडून रस्त्यावरून आडवं वाहत होतं, आणि त्या पाण्यात डांबरातली खडी सुटी होऊन चाकांखाली कुरकुरत होती. चढावर भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये जोर लावतो तेव्हा चाक रस्त्याला नुसतं दाबत नाही, मागं ओरबाडतं. खालच्या थरात पाणी मुरलेलं असेल तर डांबराची पकड आधीच सैल झालेली असते. त्यावर हे ओरबाडणं. सपाटीवर चार वर्षं टिकणारा थर इथं एका पावसाळ्यात उखडतो. ठेकेदार येतात, खड्डे भरतात, मास्टिक म्हणजे ओतीव डांबर ओततात. गरम मास्टिक पसरलं की गुळगुळीत काळं चकचकतं, पंधरा दिवस गाडी लोण्यावरून गेल्यासारखी जाते. मग बाजूचा थर उखडतो आणि मास्टिकचा तुकडा उंचवट्यासारखा एकटाच उरतो.

खोल दुरुस्ती करायची तर घाट बंद ठेवावा लागतो. घाट बंद ठेवला तर अवजड वाहनं माणकोली-अंजूरफाट्याकडून वळवावी लागतात आणि भिवंडी तुंबते. आणि बंद पडलेला ट्रक काढायला क्रेन आणायची तर ती ठाण्याकडून येवो की काशीमिऱ्याकडून, त्याच रांगेत अडकते. त्या रात्री क्रेन आली नाहीच. पावणेएकला कंटेनर आपणहून खोकत सुरू झाला. क्लीनर धावत येऊन चढला. त्याचे दोन्ही दगड मात्र तिथंच रस्त्याच्या मधे राहिले, मागून येणाऱ्यांसाठी.

घाटात आल्यावर तक्रार कुणाकडं करायची, हाही एक अभ्यासाचा विषय आहे. डांबर बरीच वर्षं सार्वजनिक बांधकाम विभागाचं होतं. डावीकडचा डोंगर वनखात्याचा, त्यामुळे रुंदी वाढवायला त्यांची परवानगी. मेट्रोचे खांब एमएमआरडीएचे. गटार आणि पदपथ अलीकडं ठाणे महापालिकेचे, पलीकडं मीरा-भाईंदर महापालिकेचे. पोलीस आयुक्तालयसुद्धा वाटेत बदलतं. वाढदिवसाच्या केकसारखा रस्ता सगळ्यांत वाटलेला. मेणबत्ती विझवायला मात्र कुणी पुढं येत नाही.

वनखात्याला दोष देण्याआधी थांबावं, असं मला वाटतं. घाटाच्या दक्षिणेला राष्ट्रीय उद्यान, आणि उत्तरेला खाडीपलीकडं उद्यानाचाच नागला विभाग, पुढं तुंगारेश्वर. बिबट्याला हा सगळा एकच मुलूख वाटतो. मधे रस्ता आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि या रस्त्यावर गाडीखाली बिबटे मेलेले आहेत. घोडबंदर रोडवर अडकलेल्या प्रत्येकाला रस्ता रुंद हवा असतो. मलाही हवा असतो, अडकलेलो असताना.

उतार संपला की चेणे, नदीकाठचं गाव. मग खाडीवरचा वर्सोवा पूल. नवखे लोक हा पूल अंधेरीजवळ शोधतात. तिथलं वर्सोवा म्हणजे कोळ्यांचं वेसावे. हे इथलं वरसावे. इंग्रजी पाटीनं दोघांना एका दावणीला बांधलं. या पुलाचं दुखणं घोडबंदर रोडचं दुखणं आहे. २०१३ च्या अखेरीस जुन्या पुलाला तडा गेला, पुढं महिनोन्‌महिने दुरुस्ती चालली, आणि पुलावर निर्बंध आले की दर वेळी वाहनांच्या रांगेची शेपटी घाट उतरून कासारवडवलीपर्यंत यायची. २०२३ साली नवा पूल खुला झाला. पुलाचा गळा मोकळा झाला, घाटाचा आहे तसाच आहे.

पुढचे बेत मोठे आहेत. वडाळा-कासारवडवली मेट्रो ४, आणि तिचाच गायमुखपर्यंतचा तुकडा. २०२५ च्या सप्टेंबरात त्याची चाचणी झाली तेव्हा लोक गच्च्यांवरून मोबाईल धरून उभे होते. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी चुकलेली गाडी आली म्हणायची. डोंगराखालून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा, जोडरस्ते धरून ११.८ किलोमीटर, २०२४ च्या जुलैत त्याचं भूमिपूजन झालं. गायमुखहून फाउंटनपर्यंत आणखी एक बोगदा आणि पुढं भाईंदरला उन्नत मार्ग असाही बेत होता. त्याची निविदा २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि रद्द झाली. मेट्रोनं माणसं हलतील. बोगद्यानं मोटारी हलतील. कंटेनर मेट्रोत बसत नाहीत, आणि घाट चढायचं काम त्यांचंच आहे. बडोद्याहून बदलापूरमार्गे थेट न्हावाशेव्याला येणारा द्रुतगती मार्ग पुरा झाला तर या रस्त्याच्या पाठीवरचं ओझं खरं उतरू शकेल. मी तरी नजर त्यावर ठेवून आहे.

कंडक्टरनं सांगितल्याप्रमाणं फाउंटनला उतरलो. एका हॉटेलच्या नावानं अख्खा चौक ओळखला जातो. बंदराचं नाव सतरा किलोमीटर रस्त्याला दिलं, पण स्वतःच्या दारातल्या चौकाला ते मिळालं नाही. रिक्षा मिळाली नाही. चालत निघालो. महामार्गाचा गोंगाट पाठीमागं पडत गेला, मग कौलारू घरं, कुंपणावर वाळत घातलेली जाळी, ओट्यावर लसूण सोलत बसलेली एक आजी. "किल्ला?" म्हटल्यावर तिनं सोललेली पाकळी धरलेल्या हातानंच दिशा दाखवली.

वर किल्ल्यात कुणी नव्हतं. तटावरून खाली खाडीचं पाणी ओहोटीला लागलेलं, चिखलात दोन होड्या कलंडलेल्या. दूर पुलावरून ट्रक एकामागं एक चालले होते, आवाज पोचत नव्हता. परतताना आजीनं विचारलं, "कुठनं आलास रे?"

"घोडबंदर रोडवरून," मी म्हणालो.

"हो का? लांबून आलास," ती म्हणाली, आणि लसणाचा पुढचा गड्डा फोडला.

(पुढच्या आठवड्यात : कामण-चिंचोटी रस्ता)